सोडलं, पण कुठे? ‘एमिशन’ या शब्दाची गोष्ट

मराठी माध्यमाच्या मुलांना ‘उत्सर्जन’ हा शब्द पहिल्यांदा भेटतो तो मूत्रपिंडाच्या आकृतीशेजारी. उत्सर्जन संस्थेची सुबक आकृती काढा, भागांना नावे द्या. पुढे तोच शब्द प्रकाशाच्या धड्यात येतो: तापलेला वायू ठरावीक रंगांचा प्रकाश उत्सर्जित करतो. मग शाळा सुटते आणि शब्द वर्तमानपत्रात गाठतो, आता ‘कार्बन’चा हात धरून. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी एक्सक्रीशन आहे आणि पुढच्या दोन्ही ठिकाणी एमिशन. मराठीत, आणि हिंदीतही, तिन्हीकडे उत्सर्जनच. त्यामुळे कार्बन उत्सर्जनाची बातमी वाचताना आपल्या मनात आपसूक घाण, मळ, नको असलेलं असा अर्थ डोकावतो.

मूळ इंग्रजी शब्दात घाण नाही. त्यात चांगलं-वाईट काहीच नाही. कुठून तरी काही तरी बाहेर सोडलं, एवढंच तो सांगतो. काय सोडलं, सोडलेलं कुठे गेलं आणि सोडल्यानंतर ते कोणाचं, याबद्दल शब्द गप्प. आज हवामान परिषदांमध्ये रात्र-रात्र जे भांडण चालतं, ते बरंचसं याच गप्प जागांवरून चालतं.

लॅटिनमध्ये ‘मिटेरे’ म्हणजे पाठवणं, सोडणं, जाऊ देणं. त्याच्या आधी ‘बाहेर’ या अर्थाचा ‘ए’ लागला की ‘एमिटेरे’. बाण सोडणं, कैद्याला सोडणं, तळ्याचं पाणी सोडणं, तोंडातून शब्द काढणं, सगळं या एका क्रियापदात मावायचं. होरेस या रोमन कवीने एका पत्रकाव्यात बजावलं आहे की एकदा सुटलेला शब्द परत बोलावता येत नाही. तिथे ‘सुटलेला’ यासाठी त्याने याच क्रियापदाचं रूप वापरलं आहे. या क्रियापदाचं नाम ‘एमिस्सिओ’, आणि तेच पंधराव्या शतकात इंग्रजीत एमिशन म्हणून दाखल झालं.

‘मिटेरे’चा गोतावळा आपल्या रोजच्या बोलण्यात इतका मुरलाय की कुणाला परका वाटत नाही. मिशन, मिसाइल, ऍडमिशन, परमिशन, ट्रान्समिशन, दलालाचं कमिशन, सगळी एकाच आजीची नातवंडं. पुण्यात शिकायला आलेलं पोर जी ‘मेस’ लावतं तीही यातलीच: जुन्या फ्रेंचमध्ये ‘मे’ म्हणजे पंगतीत पाठवलेला पदार्थ, त्यावरून इंग्रजीत एकत्र जेवणारा गट आणि मग खानावळ. गोव्यातल्या चर्चमधली ‘मीस’सुद्धा. लॅटिन उपासनेच्या शेवटी पाद्री म्हणायचा ‘इते, मिस्सा एस्त’, म्हणजे ‘जा, निरोप झाला’. त्या निरोपाच्या शब्दावरून अख्ख्या विधीचं नाव पडलं.

एमिशनच्या सख्ख्या भावंडांत दोन नावं मजेदार आहेत. एक ‘एमिस्सारिउम’, म्हणजे तळ्याचं पाणी बाहेर काढणारा बोगदा. इटलीतल्या फुचिनो सरोवरासाठी सम्राट क्लॉडियसने असा बोगदा खणवला. 30,000 माणसं 11 वर्षं राबत होती असं रोमन चरित्रकार स्वेटोनियसने लिहून ठेवलंय. दुसरं नाव ‘कापेर एमिस्सारिउस’. बायबलच्या जुन्या करारात प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बोकड आणतात. एकाचा बळी देतात. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून मुख्य याजक साऱ्या समाजाची पापं कबूल करतो, ती पापं बोकडाच्या माथी घालतो आणि त्याला रानात हाकलून देतो. संत जेरोमच्या लॅटिन बायबलमध्ये हा दुसरा बोकड म्हणजे कापेर एमिस्सारिउस, ‘बाहेर सोडलेला बोकड’. इंग्रजीत तो स्केपगोट झाला. मराठीत आपण त्याला ‘बळीचा बकरा’ म्हणतो, पण बळी गेला तो पहिला बोकड. पापं घेऊन गेला तो जिवंतच होता, फक्त वस्तीच्या हद्दीबाहेर. नजरेआड झाला की प्रश्न मिटला, ही समजूत एमिशनच्या घरात तेव्हापासून आहे.

आता आपल्या बाजूला वळू. ‘उत्सर्जन’ हा शब्द काही पारिभाषिक कोशकारांनी हवेतून घडवलेला नाही. संस्कृतमधला ‘सृज्’ हा धातू म्हणजे सोडणं, बाहेर टाकणं, आणि त्यावरूनच निर्माण करणं. सर्जन, सृष्टी, विसर्जन, निसर्ग, संसर्ग, सगळे या धातूचे. गणपतीचं विसर्जन आणि सायलेन्सरचं उत्सर्जन यांत फरक फक्त उपसर्गाचा. अक्षरापुढचे दोन टिंब, विसर्ग, तोही सोडलेला श्वासच. कालिदासाच्या रघुवंशाच्या पहिल्या सर्गात दिलीप राजाच्या करवसुलीचं समर्थन येतं: सूर्य पाणी शोषून घेतो ते हजारपटीने परत सोडण्यासाठी. ‘परत सोडण्यासाठी’ला कवीने ‘उत्स्रष्टुम्’ म्हटलंय. म्हणजे उत्+सृज् हा जोड तेव्हाही होता, आणि तिथे त्याचा अर्थ पाऊस होता.

धर्मकृत्यांत हा शब्द फारच कामाचा होता. श्रावणी करणाऱ्या घरांत ‘उत्सर्जन-उपाकर्म’ हा जोडशब्द अजून कानावर पडतो. उपाकर्म म्हणजे वेदाध्ययनाचं सत्र सुरू करणं आणि उत्सर्जन म्हणजे ते सोडणं, सुट्टी लागणं. मुळात उत्सर्जन पौष-माघाच्या सुमाराला व्हायचं. पुढे दोन्ही एकाच दिवशी उरकायची पद्धत पडली. आणखी एक विधी ‘वृषोत्सर्ग’. मृत माणसाच्या नावाने एक गोऱ्हा निवडायचा, त्याच्यावर त्रिशूळ-चक्राचे डाग द्यायचे आणि त्याला मोकळा सोडायचा. गावाकडे त्याला पोळ म्हणतात. तो कुणाच्याही शेतात चरला तरी मारायचा नाही, कारण तो कुणाचाच नाही. जेरोमच्या लॅटिनमध्ये बोकड आणि आपल्या संस्कृतमध्ये बैल. दोन भाषांना एकमेकींची खबर नव्हती आणि दोघींनी ‘बाहेर सोडणं’ हेच क्रियापद एका जनावराला लावलं.

मला यापेक्षाही मोलाचा वाटतो तो तिसरा उपयोग: तडागोत्सर्ग. एखाद्याने तळं खोदलं, विहीर बांधली, आमराई लावली आणि ती सगळ्यांसाठी खुली करायची आहे. हे दान का नाही? कारण दानाला घेणारा लागतो. ब्राह्मणाला गाय दिली तर गाय त्याची झाली. तळ्याच्या बाबतीत घेणारा कुणी एक नसतो. मालक फक्त आपली मालकी सोडतो, ‘सर्व भूतांसाठी’ म्हणतो आणि बाजूला होतो. पुढे त्यालाही ते पाणी चार लोकांसारखंच प्यायला मिळतं. याला शास्त्रकार दान न म्हणता उत्सर्ग म्हणतात. सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टांनी ‘मयूख’ नावाचे बारा धर्मशास्त्र-ग्रंथ लिहिले, त्यांतला एक ‘उत्सर्गमयूख’ याच विषयाला वाहिलेला आहे. हे भट्ट घराणं मूळचं पैठणचं. शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच घरातले.

म्हणजे मराठी वाचकाच्या पूर्वजांना ‘उत्सर्ग’ म्हटल्यावर धूर आठवत नव्हता. मालकी सोडून काही तरी सर्वांच्या स्वाधीन करणं, हे आठवत होतं. कारखान्याची चिमणी तांत्रिकदृष्ट्या अगदी हेच करते.

विज्ञानात एमिशन आलं ते आधी प्रकाशाच्या निमित्ताने. आपल्याला दिसतं कसं? या प्रश्नाला युक्लिड-टॉलेमी परंपरेतलं उत्तर असं, की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन भिडतात. आपले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडितही, याच मताचे. न्यायसूत्रात पुरावा म्हणून रात्री चमकणाऱ्या, निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांचा हवाला दिलाय. (मांजराच्या डोळ्यात मागे आरशासारखा थर असतो, बाहेरचाच प्रकाश त्यावरून परततो. पण अंधारात दोन हिरवे दिवे रोखलेले पाहिले की नैयायिकांना दोष द्यावासा वाटत नाही.) अकराव्या शतकात इब्न अल्-हैथमने ही दिशा उलटी केली: प्रकाश डोळ्यातून जात नाही, डोळ्यात येतो. पुढे न्यूटनने 1704 मधल्या ‘ऑप्टिक्स’मध्ये प्रकाश म्हणजे तेजस्वी वस्तूतून सुटणारे बारीक कण असा पक्ष घेतला, त्याला एमिशन थिअरी म्हणत. लाटांच्या सिद्धांताने ती एकोणिसाव्या शतकात मागे सारली, पण शब्द राहिला.

तो राहिला याचं कारण जर्मनीतलं हायडेलबर्ग. 1859-60 मध्ये बुन्सेन आणि किरखॉफ यांनी दाखवलं की प्रत्येक मूलद्रव्य तापवलं की आपल्या ठरलेल्याच रंगांच्या रेषा सोडतं. वरण उतू जाऊन गॅसच्या निळ्या ज्योतीवर सांडतं तेव्हा ज्योत भक्कन पिवळी होते. तो मिठातला सोडियम आपली ओळख सांगत असतो, 589 नॅनोमीटरच्या आसपासच्या दोन पिवळ्या रेषांत. अशा रेषांच्या जोरावर या जोडीने सिझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधली. दुरून, हात न लावता, नुसत्या सोडलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखता येतो, म्हटल्यावर दुर्बिणी सूर्याकडे वळल्या.

18 ऑगस्ट 1868 चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून आडवं गेलं. फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन गुंटूरला तळ ठोकून होता. सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली; पाहणाऱ्यांना ती आधी सोडियमची वाटली. ती सोडियमच्या जोडीपासून किंचित बाजूला आहे आणि पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात पदार्थाशी जुळत नाही, हे ठासून सांगितलं नॉर्मन लॉकियर या इंग्रज खगोलज्ञाने. ‘हेलियम’ हे नाव त्या रेषेवरून. विजयदुर्गावर 18 ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, किल्ल्यावरचे ओटे दाखवून लॉकियर साहेबाने इथूनच शोध लावला असं सांगतात. वाईट वाटेल, पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने त्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या त्या 20 ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, लंडनहून. प्रत्यक्ष हेलियम वायू पृथ्वीवर हाती लागला 1895 मध्ये, रॅमसेला, एका खनिजातून. तोवर सत्तावीस वर्षं त्या मूलद्रव्याचं अस्तित्व फक्त एका उत्सर्जन रेषेवर उभं होतं.

पुढचं थोडक्यात. 1917 मध्ये आइनस्टाइनने मांडलं की उत्तेजित अणूला योग्य तो प्रकाश डिवचून गेला तर तो अगदी तसाच प्रकाश सोडतो. याला उद्दीपित उत्सर्जन म्हणतात. 1960 मध्ये मायमनने त्यावरून पहिला लेसर पेटवला. ‘लेसर’ या नावातला इंग्रजी ‘ई’ एमिशनचा आहे. ‘एलईडी’मधला ‘ई’ त्याच घरातल्या ‘एमिटिंग’चा. किरणोत्सर्ग या मराठी शब्दात तर उत्सर्ग उघडच बसलाय.

पैशाच्या जगात एमिशन म्हणजे चलन किंवा रोखे बाजारात आणणं. जर्मन, रशियन, स्पॅनिशमध्ये हा अर्थ आजही रोजचा आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत कुठल्याही घटकराज्याने ‘बिल्स ऑफ क्रेडिट’, म्हणजे कागदी चलन, ‘एमिट’ करू नये असं कलम आहे. आणि पॅरिसमध्ये कुणी तुमच्याजवळ कालच्या ‘एमिस्यों’ची तारीफ केली तर घाबरू नका, तो टीव्हीवरच्या कार्यक्रमाबद्दल बोलतोय.

मग हा इतका निरुपद्रवी शब्द धुराला कसा चिकटला? त्याची एक वाट लॉस एंजेलिसमधून जाते. जुलै 1943 मध्ये एके दिवशी त्या शहरावर डोळे चुरचुरवणारा धुरकट पडदा उतरला. युद्ध चालू होतं. जपान्यांनी विषारी वायू सोडला, अशी अफवा उठली. संशय एका कारखान्यावर गेला, तो बंद केला, तरी पडदा हटेना. कोडं उलगडलं ते हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनज्ञाने, जो तोवर अननसाच्या वासावर काम करत होता. त्याने दाखवलं की मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांतून निघणारी हायड्रोकार्बनं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांशी रासायनिक खेळ करतात आणि त्यातून ओझोन तयार होतो. डोळ्यांत जे झोंबत होतं ते कुठल्याही नळीतून बाहेर पडतच नव्हतं! ते वाटेत, हवेत बनत होतं.

या शोधाने दोन गोष्टी वेगळ्या झाल्या: नळीच्या तोंडाशी काय निघतं, आणि माणसाच्या नाकाशी काय येतं. जर्मन भाषेने यासाठी दोन शब्दच केले. उगमाशी निघतं ते ‘एमिशन’, आणि एखाद्या ठिकाणी येऊन पोचतं, घरावर, झाडावर, फुप्फुसावर, ते ‘इमिशन’, ‘आत सोडलेलं’. 1974 च्या त्यांच्या केंद्रीय हवा-कायद्याच्या नावातच इमिशनपासून संरक्षण असं आहे. इंग्रजीत दुसरा शब्द रुळला नाही, मराठीतही नाही. पण आपल्या 1981 च्या हवा कायद्यात ही दोन टोकं वेगळी ठेवलेली दिसतात. त्यात ‘एमिशन’ची व्याख्या अशी: धुराडं, नळी किंवा अन्य कोणत्याही निर्गम-मुखातून बाहेर येणारा घन, द्रव वा वायुरूप पदार्थ. मुख आलं पाहिजे, मगच एमिशन. ‘वायू प्रदूषक’ मात्र वेगळा: वातावरणात घातक ठरेल इतक्या प्रमाणात असलेला पदार्थ, मग तो कुठूनही आलेला असो.

हा फरक एकदा डोक्यात बसला की बरेच घोळ सुटतात. शहराचा एक्यूआय म्हणजे नाकाशी काय आहे त्याचा आकडा. गाडीची पीयूसी म्हणजे नळीच्या तोंडाशी काय आहे त्याचा. शहरातल्या झाडून सगळ्या गाड्यांकडे पीयूसी असली तरी एक्यूआय लाल असू शकतो, आणि त्यासाठी कुणी खोटं सर्टिफिकेट दिलेलं असायलाच हवं असं नाही. गाड्यांची संख्या, रस्त्यावरची धूळ, बांधकामं, न वाहणारा वारा, हिवाळ्यात जमिनीलगत अडकणारी थंड हवा, हे काहीच त्या नळीत घातलेल्या दांड्याला कळत नाही.

आणि पीयूसी नेमकं मोजते काय? पेट्रोल गाडीत प्रामुख्याने कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेली हायड्रोकार्बनं, डिझेलमध्ये धुराचा दाटपणा. कार्बन डायऑक्साइडला तिथे मर्यादाच नाही. उलट, इंजिन उत्तम ट्यून केलं, धुरातले विषारी वायू बदलणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोख असला, तर विषारी मोनॉक्साइडचं रूपांतर डायऑक्साइडमध्ये होतं आणि गाडी पास होते. म्हणून ‘माझी गाडी बीएस-सहा आहे, माझं कार्बन उत्सर्जन कमी’ हे वाक्य दोन वेगळ्या एमिशनांची खिचडी आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेले बीएस-सहा निकष, त्यासोबत आलेलं 10 पीपीएम (दशलक्ष भागांत 10 भाग) गंधकाचं इंधन, हे सगळं फुप्फुसांसाठी आहे आणि फार गरजेचं आहे. हवामान बदलाशी त्याचा संबंध लांबचा.

मुखाशी मोजणीत आणखी एक गोम आहे: केव्हा मोजता? फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर होतं की गाडीला आपली चाचणी चालू आहे हे ओळखता यायचं. तेवढ्यापुरती ती सोज्वळ व्हायची आणि रस्त्यावर मर्यादेच्या 40 पटीपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडायची. सप्टेंबर 2015 मध्ये हे बाहेर आलं तेव्हा जगभरात अशा सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या धावत होत्या. त्यानंतर रस्त्यावर चालत्या गाडीला यंत्र लावून मोजणी करण्यावर जोर आला.

आता कार्बनकडे. आधी एक हिशोब, कारण तो ऐकून निम्मी माणसं विश्वास ठेवत नाहीत. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. ते जाळलं की कार्बन डायऑक्साइड निघतो सुमारे 2.3 किलो. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसा? कारण जळताना पेट्रोलमधला कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू सोबत घेतो. कार्बनचा अणुभार 12, कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार 44. म्हणजे 1 किलो कार्बनचे 3.67 किलो होतात. ‘एक टन कार्बन’ आणि ‘एक टन कार्बन डायऑक्साइड’ या दोन आकड्यांत बातमीदार अनेकदा गल्लत करतात, ती याच जागी. चूक थेट पावणेचार पटींची होते.

देशाचं उत्सर्जन मोजायला कुणी प्रत्येक चुलीवर यंत्र धरत नाही. किती इंधन जळलं याला ठरावीक गुणकाने गुणलं जातं: इतके लिटर डिझेल गुणिले लिटरमागे इतके किलो. गाई-म्हशींच्या रवंथातून निघणारा मिथेन, भातखाचरांतला मिथेन, सगळं असंच, संख्या गुणिले गुणक. म्हणजे बातमीतलं ‘उत्सर्जन’ हे मोजलेलं कमी आणि मांडलेलं जास्त असतं. यात लबाडी काही नाही. पण गुणक सुधारला तर एकही म्हैस न वाढता-घटता आकडा हलतो, हे ध्यानात असावं.

1992 च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारात एमिशनची व्याख्या आहे: ठरावीक क्षेत्रात आणि ठरावीक काळात हरितगृह वायू वा त्यांचे पूर्वघटक वातावरणात सोडणं. क्षेत्र आणि काळ, हे दोन शब्द त्यात काटेकोरपणे घातलेत. हद्द आखल्याशिवाय उत्सर्जन मोजताच येत नाही. आणि हद्द कोण आखतो यावर सगळं ठरतं.

पुण्यात विजेवर धावणाऱ्या रिक्षेची नळी शून्य सोडते, कारण नळीच नाही. तिची वीज चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातून आली असेल तर मुख तिकडे, ऊर्जानगरच्या धुराड्याशी. (तरीही हिशोब बरेचदा विजेच्या बाजूनेच जातो, कारण मोटर इंजिनापेक्षा फार कमी ऊर्जा वाया घालवते. पण ‘झिरो एमिशन’ची पाटी फक्त गाडीपुरती खरी.) ऑस्ट्रेलियाचा कोळसा भारतात जळला तर उत्सर्जन भारताच्या खात्यावर, भारतात बनलेलं पोलाद युरोपात गेलं तरी भट्टीचा धूर भारताच्याच खात्यावर. मुंबईहून नागपूरला उडालेलं विमान देशाच्या बेरजेत, मुंबईहून दुबईला उडालेलं बेरजेबाहेर, वेगळ्या टीपेत. आंतरराष्ट्रीय विमानं आणि जहाजं कुठल्याच देशाच्या एकूण आकड्यात धरत नाहीत. साखर कारखान्याच्या धुराड्यातून बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, जाळल्याचा कार्बन डायऑक्साइड डोळ्यांदेखत निघतो, पण ऊर्जेच्या हिशोबात तो शून्य धरतात, कारण उसाने तो नुकताच हवेतून घेतलेला असतो. यातली बरीच उत्तरं समजूतदार आहेत. पण ती निसर्गाने दिलेली नाहीत, माणसांनी वाटाघाटी करून ठरवलेली आहेत.

तडागोत्सर्गाचा नियम इथे बरोबर उलटा फिरतो. तळं सोडणाऱ्याची मालकी संपत होती आणि तो पुण्य घेऊन घरी जात होता. कार्बनच्या बाबतीत जग म्हणतंय, वायू सर्वांच्या हवेत मिसळला तरी मालकी संपली नाही. नाव लागलेलंच आहे. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी’ या तत्त्वाचा अर्थ तोच. उत्सर्जनाचे परवाने विकण्या-घेण्याचे बाजार उभे राहिले, त्यांचाही पाया तोच: सोडलेल्या वस्तूवर पुन्हा मालकीचा शिक्का. विकसनशील देश जुनं, ऐतिहासिक उत्सर्जन काढतात तेव्हा त्यांचं म्हणणं इतकंच असतं की शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीने सोडलेला वायू अजून हवेत आहे आणि त्यावरचं नाव पुसलेलं नाही. शास्त्र त्यांच्या बाजूने आहे. सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतकं हवेत राहतो.

इथेच वार्षिक उत्सर्जन आणि साठा यांत गफलत होते. उत्सर्जन ही अर्थसंकल्पातली यंदाची तूट आहे, हवेतलं प्रमाण हे डोक्यावरचं कर्ज. तूट कमी झाली म्हणून कर्ज उतरत नाही, फक्त हळू वाढतं. हवाई बेटांवरच्या मौना लोआच्या वेधशाळेत 1958 मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेत दशलक्ष भागांत सुमारे 315 भाग कार्बन डायऑक्साइड होता, औद्योगिक क्रांतीआधी 280 च्या आसपास. आता आकडा 420 च्या वर आहे. एखाद्या वर्षी ‘जागतिक उत्सर्जनात घट’ अशी बातमी येते, जशी 2020 मध्ये टाळेबंदीमुळे आली होती, आणि त्याच वर्षी हा आकडा नवा उच्चांक गाठतो. दोन्ही बातम्या खऱ्या असतात.

शेवटचा एक शब्द, जो भारताच्या बातम्यांत वारंवार येतो: उत्सर्जन तीव्रता. भारताने 2022 मध्ये दिलेलं वचन असं की 2005 च्या तुलनेत 2030 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाची उत्सर्जन तीव्रता 45 टक्क्यांनी कमी करू. तीव्रता म्हणजे कमावलेल्या प्रत्येक रुपयामागे किती उत्सर्जन. मथळ्यात मात्र ‘भारत उत्सर्जन 45 टक्क्यांनी घटवणार’ असं छापून येतं. समजा अर्थव्यवस्था त्या काळात चौपट झाली आणि तीव्रता 45 टक्क्यांनी उतरली, तर वचन पुरतं पाळलं गेलं आणि एकूण उत्सर्जन 4 गुणिले 0.55, म्हणजे 2.2 पट झालं. गरिबीतून वर येणाऱ्या देशाने असं वचन देणं रास्त आहे असं माझं मत. मथळा तेवढा चुकीचा.